आकाशातली तीस वर्षं, जमिनीवरची अठ्ठेचाळीस

पन्नाशी म्हणजे आपल्याकडे घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि साहेबांच्या खोलीकडे डोळे लावून बसलेली शेवटची बढती. अर्जन सिंग त्या वयात निवृत्त झाले. जुलै १९६९ मध्ये त्यांनी हवाई दलाची सूत्रं पी. सी. लाल यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांच्या नावावर तीस वर्षांची नोकरी होती, एक महायुद्ध होतं आणि साठाहून अधिक प्रकारची विमानं चालवल्याचा अनुभव होता. प्रमुखपदाच्या खुर्चीत बसूनही त्यांनी उडणं सोडलं नव्हतं. डोकं शाबूत, शरीर खेळाडूचं, आणि हातात एकदम काहीच नाही. ते गेले १६ सप्टेंबर २०१७ ला, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे आकाशात तीस वर्षं आणि त्यानंतर जमिनीवर अठ्ठेचाळीस.

त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण पहिल्या तीस वर्षांपाशी थांबतात. थांबावं असं तिथे पुष्कळ आहे. पण माणूस कळायला दोन्ही भाग शेजारी ठेवावे लागतात.

जन्म १५ एप्रिल १९१९ चा, पंजाबातल्या लायलपूरचा. आज ते गाव पाकिस्तानात आहे आणि त्याचं नाव फैसलाबाद. घराणं घोडदळातलं. पणजोबा सुलताना सिंग १८५४ मध्ये गाइड्स कॅव्हलरीत भरती झाले आणि १८७९ च्या अफगाण मोहिमेत कामी आले. आजोबा हुकम सिंग त्याच पलटणीत रिसालदार मेजर झाले. अर्जनचा जन्म झाला तेव्हा वडील हॉडसन्स हॉर्समध्ये लान्स दफेदार होते. तीन पिढ्या खोगिरावर गेल्या आणि चौथीतल्या मुलाने खोगीर सोडून कॉकपिट धरलं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात असताना तो जास्त दिसे तो पाण्यात. पोहण्यात त्याने नाव काढलं होतं. १९३८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याची निवड इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयासाठी झाली. डिसेंबर १९३९ मध्ये तो पायलट ऑफिसर होऊन बाहेर पडला. युरोपात युद्ध पेटून तेव्हा जेमतेम चार महिने होत होते.

भारतीय हवाई दल म्हणजे त्या वेळी एकच स्क्वाड्रन. ८ ऑक्टोबर १९३२ ला दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिटी विमानांनिशी कामाला सुरुवात झाली. दोन मजली पंख, उघडा कॉकपिट, पुढे वैमानिक आणि पाठीशी बंदूक घेतलेला गनर. खालच्या फळीतल्या जवानांना ‘हवाई सिपाही’ म्हणत. शब्द अर्धा आकाशातला आणि अर्धा पलटणीतला. दलाची अवस्थाही तशीच होती.

ही विमानं वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानच्या डोंगरांवरून गस्त घालत. कबायली टोळीवाले कड्यावर बसून खाली दरीतून जाणाऱ्या विमानावर गोळ्या झाडत. जमिनीवरचा माणूस वर आणि विमान खाली, असा तिथला उलटा न्याय. वैमानिकाच्या खिशात एक चिठ्ठी दिलेली असे. ‘याला सुखरूप आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल’ असा मजकूर तीत स्थानिक भाषेत लिहिलेला असे. मीरानशाह आणि रझमकच्या दरम्यान एकदा गोळी लागून अर्जन सिंगांचं विमान कोरड्या नदीपात्रात आदळलं. तोंड समोरच्या यंत्रफळीवर आपटलं. सावरून पाहतात तो त्यांचा गनर गुलाम अली जीव घेऊन धावत सुटलेला, आणि धावत होता तो नेमका टोळीवाल्यांच्याच दिशेने. अर्जन सिंग रक्ताळलेल्या तोंडाने त्याच्यामागे पळाले, त्याला गाठलं आणि योग्य दिशेला वळवलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा विमानात होते.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. आपलं तोंड फुटलेलं असताना आपला माणूस चुकीच्या दिशेने पळतोय हे लक्षात येणं, ही डोकं जागेवर असल्याची खूण. पुढच्या आयुष्यात हाच गुण त्यांना पुन्हापुन्हा उपयोगी पडला.

चार वर्षांनी ते त्याच एक नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून इम्फाळच्या खोऱ्यात होते. आता विमानं हरिकेन होती आणि समोर जपानी सैन्य. मार्च १९४४ अखेर जपान्यांनी कोहिमा-इम्फाळ रस्ता तोडला. तो मोकळा झाला २२ जूनला. मधले जवळजवळ तीन महिने खोऱ्यात अन्न, औषधं, दारूगोळा, पेट्रोल सगळं विमानानेच येत होतं. एक नंबरच्या स्क्वाड्रनचं काम टेहळणीचं. हरिकेन जोडीने निघत. पुढचा वैमानिक खाली झाडीत वाट, पूल, चुलीचा धूर, खेचरांच्या खुणा शोधी, आणि मागचा त्याच्या पाठीवर नजर ठेवून नागमोडी उडत राही. पाहायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन नकाशावर बोट ठेवायचं. हवाई लढाईच्या चित्रपटांत हे काम कधी दिसत नाही. पण खोऱ्यात कोंडलेल्या सैन्याला शत्रू कुठे आहे हे त्यावरच कळत होतं. जून १९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी स्वतः येऊन अर्जन सिंगांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला. त्यांना तेव्हा नुकतं पंचविसावं संपलं होतं.

पदक मिळालं म्हणजे माणूस शिस्तीचा पुतळाच असेल असं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच अर्जन सिंगांना कोर्ट मार्शलला तोंड द्यावं लागलं. केरळात एका घरावरून त्यांनी विमान फार खालून नेलं होतं. त्यांची बाजू अशी की, एका शिकाऊ वैमानिकाचा धीर खचत होता, त्याला उभारी द्यायची होती. तो शिकाऊ म्हणजे दिलबाग सिंग असावेत असं मानलं जातं. हेच दिलबाग सिंग पुढे १९८१ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले. होऊ घातलेल्या एका प्रमुखाने होऊ घातलेल्या दुसऱ्या प्रमुखासाठी नियम मोडला असं म्हणायला हवं. दोघांनाही अर्थात तेव्हा याची कल्पना नव्हती.

१५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांचं संचलन गेलं, त्याचं नेतृत्व अर्जन सिंगांकडे होतं. खाली दिल्लीत लोक माना वर करून पाहत होते. वर असलेल्या माणसाचं गाव त्याच दिवसांत परदेश झालं. हवाई दलाचीही फाळणी झाली. विमानं, स्क्वाड्रन, कार्यशाळा, सुटे भाग आणि माणसं वाटली गेली. ज्यांच्याबरोबर एका मेसमध्ये जेवण झालं होतं, त्यांतले काही आता पलीकडच्या गणवेशात होते. असगर खान आणि नूर खान हे त्यांतलेच. दोघेही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

दुसऱ्या वर्षी, १९४८ मध्ये, अर्जन सिंगांचं तेजींशी लग्न झालं. तीन मुलं झाली. लष्करी अधिकाऱ्याच्या संसारात घर म्हणजे सरकारी बंगला आणि सामान म्हणजे काळ्या रंगाच्या ट्रंका, ज्यांवर जुन्या पत्त्यांवर नवे पत्ते रंगवत जायचे. बदली आली की मुलांची शाळा बदलते, मैत्रिणी बदलतात, दूधवाला बदलतो. वैमानिकाच्या घरात आणखी एक गोष्ट असते: वरून जाणारा आवाज. किती विमानं गेली आणि किती परत आली हे स्वयंपाक करता करता कानाने मोजलं जातं. नवऱ्याला बढती मिळून तो टेबलामागे बसला तरी हे मोजणं सुटत नाही, कारण आता आकाशात इतरांचे नवरे आणि मुलगे असतात.

१ ऑगस्ट १९६४ ला ॲस्पी इंजिनिअर यांच्यानंतर अर्जन सिंग हवाई दलप्रमुख झाले. वय पंचेचाळीस. संरक्षणमंत्री होते कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. चीनकडून खाल्लेल्या मारानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, नेहरूंनी त्यांना मुंबईहून बोलावून घेतलं होतं. सेनादलांचा आत्मविश्वास गेला होता. मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वासही विटला होता. ६२ च्या युद्धात लढाऊ विमानं वापरलीच गेली नव्हती. त्यामुळे गरज पडली तर हवाई दल काय करील, हे दिल्लीत कोणालाच नेमकं माहीत नव्हतं.

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या, तेव्हा फोन वाजला. पलीकडे असगर खान होते. या भांडणात दोन्ही बाजूंनी विमानं उतरवू नयेत, असं त्यांनी सुचवलं. अर्जन सिंगांनी मान्य केलं आणि कच्छमध्ये हवाई लढाई झाली नाही. दोन शत्रुराष्ट्रांचे हवाई दलप्रमुख फोनवर बोलून एक दार बंद करतात, हे आज खरं वाटणार नाही. ते शक्य झालं कारण दोघे कधीकाळी एकाच दलात होते. जुलैत असगर खान पदावरून गेले आणि नूर खान आले. ते दार मग फार दिवस बंद राहिलं नाही.

१ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानी रणगाडे छंबच्या बाजूने आत घुसले. रोख अखनूरकडे होता. अखनूरचा पूल पडला असता तर जम्मूचा पश्चिमेकडचा भाग तुटला असता. दुपारी लष्करप्रमुख जनरल जयंतोनाथ चौधरी यशवंतरावांकडे आले आणि त्यांनी हवाई दलाची मदत मागितली. अर्जन सिंगही तिथे होते. हा निर्णय म्हणजे नुसतं अखनूर वाचवणं नव्हतं. विमानं वापरली की चकमकीचं युद्ध होतं, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होतं. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहिली नाही. त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल? अर्जन सिंगांचं उत्तर होतं: तासाभरात.

संध्याकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

ती कोणती होती हे पाहण्यासारखं आहे. व्हॅम्पायर. १९४८ मध्ये या जातीची पहिली जेट विमानं भारतात आली तेव्हा त्यांचं केवढं कौतुक झालं होतं. पण आराखडा दुसऱ्या महायुद्धातला आणि वैमानिक जिथे बसे तो सांगाडा धातूचा नव्हता, लाकडाचा होता. प्लायवूड आणि बाल्सा एकमेकांना चिकटवून केलेला. समोर अमेरिकी बनावटीची सेबर विमानं. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर गमावली. धुळीत आणि मावळतीच्या उजेडात काही मारा आपल्याच सैनिकांवर झाला. तरीही पाकिस्तानी रणगाड्यांची धाव मंदावली आणि अखनूर हाताबाहेर गेलं नाही. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेतली गेली.

‘तासाभरात’ या उत्तराचं कौतुक होतं तेव्हा मला ती लाकडी विमानं आठवतात. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे त्या खोलीत सर्वांत नेमकं अर्जन सिंगांना ठाऊक होतं. मिग-२१ अजून मूठभर होती आणि ती पुरवणारा नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना उभा राहत होता. थांबायला कारणं भरपूर होती. ती त्यांनी सांगितली नाहीत. पुढचे तीन आठवडे सोपे गेले नाहीत. ६ सप्टेंबरला पठाणकोटच्या तळावर हल्ला होऊन जमिनीवरच विमानं जळाली. त्यांत दोन मिगही होती. दुसऱ्या दिवशी कलाईकुंड्याला तसंच घडलं. या काळातले अर्जन सिंग ज्यांनी पाहिले ते त्यांच्या शांतपणाविषयी बोलतात. आवाज चढला नाही, दोष कोणाच्या माथी मारला नाही, तळामागून तळ पालथे घालत ते वैमानिकांशी बोलत राहिले. यशवंतरावांनी त्या दिवसांची रोजनिशी ठेवली होती. तीत या न डगमगणाऱ्या माणसाविषयी त्यांनी मनापासून लिहिलं आहे. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाला. पद्मविभूषण मिळालं. जानेवारी १९६६ मध्ये हवाई दलप्रमुखाच्या पदाचा दर्जा वाढवून तो एअर चीफ मार्शल केला गेला आणि अर्जन सिंग तो हुद्दा मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

या युद्धाचा एक कोपरा मात्र पदकांच्या यादीत येत नाही. विमानं ज्या नकाशावर जात होती त्यावर लायलपूर होतं, लाहोर होतं. ज्या शहरात या मुलाने पोहण्यात नाव काढलं, त्याच्या आसपासच्या लक्ष्यांवर आता त्याच्याच सहीने विमानं निघत होती. त्या पिढीतल्या अनेक पंजाबी अधिकाऱ्यांचं हे दुखणं होतं आणि ते कोणी फारसं बोलून दाखवलं नाही.

मग १९६९, आणि ते पन्नासावं वर्ष.

इथून पुढे वाचकाची नजर झरझर खाली सरकते, कारण बातमी संपते. १९७१ मध्ये ते स्वित्झर्लंडला राजदूत म्हणून गेले, १९७४ मध्ये केनियात उच्चायुक्त झाले. डिसेंबर १९८९ ते डिसेंबर १९९० या वर्षात दिल्लीचे नायब राज्यपाल होते. मंडल आयोगावरून राजधानी पेटली होती ते हेच वर्ष. पण या पदांमधल्या मोकळ्या जागा अधिक मोठ्या आहेत. त्यांत दिल्लीतलं घर, तेजी, मुलं, गोल्फ आणि शहराबाहेरची शेती होती. १९७१ च्या युद्धात आपण घडवलेलं दल लढलं तेव्हा ते दूर स्वित्झर्लंडमध्ये होते. त्या विजयाचं श्रेय लाल यांचं, हे त्यांना ठाऊक होतं. माजी प्रमुखांना आपल्या वारसदाराचे कान उपटण्याचा मोह होतो. अर्जन सिंगांना तो झालेला दिसत नाही. आपली पाळी संपली की धावपट्टी मोकळी करायची, हे वैमानिकाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं.

त्यांच्या पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दिल्लीजवळची आपली शेतजमीन त्यांनी विकली आणि त्यातून २ कोटी रुपये काढून हवाई दलातल्या निवृत्त माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एक न्यास उभा केला. पंजाबी जाट शेतकऱ्याच्या घरात जमीन विकणं म्हणजे काय हे आपल्या मराठवाड्यातल्या किंवा देशावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि ती विकली कोणासाठी, तर निवृत्तिवेतनात न भागणारा एखादा सार्जंट आणि त्याची विधवा यांच्यासाठी. गुलाम अलीच्या मागे धावलेला माणूस साठ वर्षांनीही तेच करत होता.

आणि मग एक गंमत झाली. जानेवारी २००२ मध्ये, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हातून, अर्जन सिंगांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा हुद्दा मिळाला. पाच तारे. सेनेत करिअप्पा आणि माणेकशा या दोनच फील्ड मार्शलना हा मान होता. हवाई दलात त्यांच्याआधी कोणाला मिळाला नव्हता आणि अजून कोणाला मिळालेला नाही. पण या हुद्द्याची एक अट सहसा कोणी सांगत नाही. तो धारण करणारा कधी निवृत्त होत नाही. हयातभर सेवेत समजला जातो. पन्नासाव्या वर्षी घरी पाठवलेल्या माणसाला देशाने ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा कामावर घेतलं.

२०११ मध्ये तेजी गेल्या. साठाहून अधिक वर्षांचा संसार. ट्रंकांवरचे पत्ते बदलत गेलेल्या त्या घरात आता ते एकटे उरले. एप्रिल २०१६ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, बंगालमधल्या पानागढच्या हवाई तळाला त्यांचं नाव देण्यात आलं. जिवंत माणसाचं नाव तळाला देण्याची रीत आपल्याकडे नव्हती.

त्याआधी, २८ जुलै २०१५ ला, दिल्लीच्या पालम विमानतळावर शिलाँगहून माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचं पार्थिव आलं. अर्जन सिंग चाकाच्या खुर्चीतून आले होते. वय शहाण्णव. बसल्याजागी हात जोडले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. ते आधार घेऊन खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला. ते छायाचित्र देशभर फिरलं. लोकांना त्यात म्हाताऱ्या सैनिकाची जिद्द दिसली. हुद्दा ज्याला ठाऊक होता त्याला त्यात याहून साधी गोष्ट दिसली असेल. सेवेत असलेला एक अधिकारी आपल्या माजी सरसेनापतीला मानवंदना देत होता, आणि ती उभं राहूनच द्यायची असते.

सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्ली छावणीतल्या ब्रार स्क्वेअरला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सतरा तोफांची सलामी झाली, वरून विमानं गेली. सीमेपलीकडे, जानेवारी २०१८ मध्ये, असगर खानही गेले. तेही नव्वदी ओलांडून. कच्छच्या त्या फोनच्या दोन्ही टोकांची माणसं चार महिन्यांच्या आत संपली. दोन्ही देशांच्या हवाई दलांतली एकमेकांच्या प्रमुखाला नावाने ओळखणारी, एका टेबलावर जेवलेली पिढी त्यांच्याबरोबर सरत आली.